पाकिटावर ‘कोल्हापुरी गूळ’ छापायचा हक्क कुणाचा?

करवीरकाठ

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ ला. त्यातनं गुऱ्हाळवाल्याच्या पदरात काय पडलं, असं आमच्या तालुक्यात कुणालाही विचारा. लोक नुसते हसतात.

नाव राखीव झालं, पण ते छापायला कुणाची आडकाठी नाही. बॉक्स छापणाऱ्याकडे जायचं, ‘अस्सल कोल्हापुरी गूळ’ असं लाल-पिवळ्या अक्षरात छापून गठ्ठे उचलायचे. आत कुठला गूळ भरणार हे छापणारा विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. कर्नाटक सीमेपलीकडून ट्रक येतो, गोडाऊनला माल उतरतो, बॉक्स बदलला की गूळ कोल्हापुरी. मग तोच आमच्या गुळाशेजारी कमी दरानं उभा राहून आमचा दर पाडतो.

पुण्यामुंबईत मिळणारं एक किलोचं पाकीट उलटं करून वाचा. घटकांत एकच शब्द, ऊस. खाली पॅक करणाऱ्याचा पत्ता, तो बहुतेक वेळा कुठल्यातरी शहराबाहेरच्या गोदामाचा. चौदा आकडी परवाना नंबर, हिरवा ठिपका, कधीपर्यंत वापरावा ते. ज्या गावात काहील (रस उकळायची मोठी कढई) उकळली त्या गावाचं नाव कुठेच नाही. पुढच्या बाजूला मात्र ‘कोल्हापुरी’ अंगठ्याएवढ्या अक्षरात आणि सोबत बैलगाडीचं चित्र. (ऊस ट्रॅक्टरनं येतो आता, पण असो.)

नीट गूळ करायचा म्हणजे को ९२००५ सारखा गुळाला मानवणारा ऊस लावायचा. कारखान्याला घालायचा असेल तर २६५ जातीचा ऊस लावून टनेज काढता येतं, ते सोडून द्यायचं. रस काहिलीत आला की रानभेंडीचा चीक टाकून मळी वर आणायची आणि ती काढत राहायचं. यात वेळ जातो, जळण जातं. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. तिथं जरा इकडंतिकडं झालं तर रवा (गुळाची ढेप) तरी बसत नाही, नाहीतर करपट लागतो. एवढं करून निघालेल्या गुळाला आणि बॉक्स बदलून आलेल्या गुळाला बाजारात नाव एकच.

माझं म्हणणं असं: ज्या गुऱ्हाळाची नोंद आहे त्याच्याच मालाच्या पाकिटावर ‘कोल्हापुरी’ शब्द चालावा. पाकिटावर गुऱ्हाळाचं गाव आणि गाळपाचा महिना हवाच. आणि नोंदणीचा कागद न बघता जो बॉक्स छापून देईल त्यालाही दंड लावा. बाकी परिसंवाद, महोत्सव वगैरे बंद केले तरी चालतील.

बारदान

घाऊक गुळाचा धंदा आहे, तिसरी पिढी. दलाल म्हणून शिव्या खायची सवय आहे, त्यामुळं सुरुवातीलाच कडू बोलून घेतो.

कोल्हापुरी गूळ हे नाव एकट्या गुऱ्हाळानं कमावलेलं नाही. शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पेठ होती म्हणून गुजरातचा व्यापारी इथं आला, टिकला, उचल (आगाऊ पैसे) देत राहिला. ज्या बाजारात माल उतरला त्या बाजाराचं नाव मालाला पडलं. लासलगावचा कांदा म्हणतात तो काय सगळा लासलगावच्या शिवारात पिकतो? त्यालाही मानांकन आहेच की.

दुसरं. ट्रकवर ओरडणाऱ्यांनी आपल्या गुऱ्हाळाच्या मागच्या दारानं काय येतं तेही सांगावं. साखरेचा भाव गुळाच्या खाली गेला की पोती कुठं रिकामी होतात, हे मार्केट यार्डातल्या हमालालाही ठाऊक आहे. रव्याला सुरी लावली की कळतं. साखर घातलेला रवा कडक आणि चकचकीत फुटतो, जिभेवर गोड लागतो पण मागं काही उरत नाही. हा माल करवीर, पन्हाळा, कागल कुठलाही असू दे, तुमच्या नियमाप्रमाणे त्यावर ‘कोल्हापुरी’ छापायला पूर्ण मुभा. आणि पलीकडच्या गावात कुणी रानभेंडी घालून निगुतीनं गूळ केला तर तो नकली. हा कुठला न्याय?

सीमाभागी

बारदानशेठशी माझं कधी पटत नाही, आज पटलं.

निपाणी, चिकोडी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. राज्यं पुनर्रचनेत आम्ही पलीकडे गेलो, ऊस तिथंच राहिला. पाणी त्याच खोऱ्यातलं, माती तीच, गुळव्याही बऱ्याचदा तोच. हंगामात तो दोन्हीकडे काम करतो. माझ्या चुलत्यांच्या गुऱ्हाळातला रवा कोल्हापूरच्याच यार्डात जायचा आणि तेव्हा कुणी त्याला परका म्हटलं नाही.

कोल्हापुरी चपलेचं मानांकन बघा. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, आठ जिल्ह्यांना मिळून नाव. अथणीचा कारागीर कोल्हापुरी चप्पल करू शकतो आणि अथणीचा गूळ मात्र कोल्हापुरी नाही! चामडं शिवायला हद्द आड येत नाही, पण ज्या पिकाचा सगळा खेळ माती-पाण्याचा, तिथं मात्र जिल्ह्याची हद्द. करवीरकाठ, तुम्हाला गुणवत्ता राखायची आहे की शेजारी हटवायचा आहे, ते एकदा सांगून टाका.

करवीरकाठ

@सीमाभागी, दादा, तुमच्या चुलत्यांशी माझं भांडण नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांनी आपला अर्ज करावा, ‘निपाणी गूळ’ म्हणून नाव काढावं, मी स्वतः घेईन. पण स्वतःचं नाव काढायचे कष्ट नकोत आणि आयतं आमचं नाव हवं, हे बरं नव्हे. तंबाखूला निपाणीचं नाव देशभर आहेच ना? तेही तुम्हीच कमावलंय.

@बारदान, साखर घालणारे आहेत, नाही म्हणत नाही. पिवळाधमक रवा मागतं कोण पण? काळसर गूळ घेऊन आलो की ‘माल हलका आहे’ म्हणून दर पाडतं कोण? हायड्रॉस (गुळाचा रंग उजळायची रासायनिक पावडर) आम्ही काही हौसेनं नाही टाकत.

वकिलीणबाई

इथं बरेच जण ‘मानांकन मिळालं म्हणजे सरकार पकडेल’ असं धरून चाललेत, म्हणून थोडं कायद्याचं सांगते.

या मानांकनाचा, म्हणजे भौगोलिक चिन्हांकनाचा, कायदा १९९९ चा, लागू झाला सप्टेंबर २००३ पासून. खोटं चिन्ह लावणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. ऐकायला जबरदस्त आहे. आता पुढं ऐका. झडती-जप्तीला किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्यालाही आधी चेन्नईच्या रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. चेन्नईचं मत येईपर्यंत बॉक्समधला गूळ लोकांच्या तिळगुळात जाऊन पचलेला असतो.

दिवाणी दावा कोण लावू शकतो? ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, आणि नोंदलेला अधिकृत वापरकर्ता. बाकी कुणी नाही. २०२५ मध्ये प्राडा कंपनीच्या मिलानच्या शोमधल्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि ती फेटाळली गेली. कारण हेच, की याचिका करणारे नोंदणीधारक नव्हते. चपलेची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, भांडायचं तर त्यांनी.

आणखी एक मेख. ‘कोल्हापुरी पद्धतीचा’ असं कुणी छापलं तर? वाइन आणि स्पिरिटला जादा संरक्षण आहे, तिथं ‘स्टाइल’, ‘टाइप’ असले शब्द लावूनही सुटका होत नाही. इतर मालाला ते संरक्षण केंद्रानं अधिसूचना काढली तरच मिळतं. एरवी ग्राहकाची दिशाभूल झाली हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

माझं वैयक्तिक मत: गुळासाठी हा कायदा म्हणजे भिंतीवर लावायची तलवार आहे. त्यापेक्षा २००६ चा अन्नसुरक्षा कायदा हाताशी घ्या. लेबलवर खोटा किंवा फसवा दावा असेल तर माल ‘मिसब्रँडेड’ ठरतो आणि तीन लाखांपर्यंत दंड होतो. त्याला रजिस्ट्रारचं मत नको, अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊन कारवाई सुरू करू शकतो. फक्त तक्रार करणाऱ्यानं पाकीट, बिल आणि दुकानाचा फोटो जपून ठेवायला हवा, तोंडी तक्रारीनं काही होत नाही.

डाळगूळ

तुमची भांडणं वाचून एवढंच कळलं, की गिऱ्हाईक कुणाच्या खिजगणतीत नाही.

मी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. मला गूळ कुठल्या जिल्ह्यातला हे नंतर कळलं तरी चालेल. त्यात काय घातलंय ते आधी सांगा. होळीच्या आधी एकाच दुकानातून, एकाच छापाच्या बॉक्समधून दोन ढेपा आणल्या. एका ढेपेचं पुरण छान घट्ट झालं, लालसर रंग आला. दुसरीचं ढवळून हात दुखले तरी सैलच, आणि वास गंधकासारखा. दोन्हींवर ‘अस्सल कोल्हापुरी’. दुकानदाराचं उत्तर, ‘मॅडम, माल वरून असाच येतो.’ वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नाही.

‘घटक: ऊस’ एवढं लिहून कसं भागतं? हायड्रॉस वापरला असेल तर तो का नाही लिहायचा? आणि मराठी मुलखातला गूळ मराठी माणसाला विकताना पाकिटावर एक ओळ मराठीत नाही. नियमात इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक चालते म्हणून सगळे इंग्रजीवर भागवतात. माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींना ते वाचता येत नाही. त्या आपल्या बैलगाडीच्या चित्रावरून गूळ ओळखतात.

बारदान

@डाळगूळ ताई, तुमचं शंभर टक्के खरं आहे, पण यातली गोम सांगतो. प्रयोगशाळेत सुक्रोज किमान किती हवं ते बघतात. साखर ओतली की सुक्रोज वाढणारच, त्यामुळं भेसळीचा गूळ त्या कसोटीत उलट चांगल्या मार्कांनी पास होतो! गंधकाची मर्यादा आहे, पण ती तपासायला नमुना कुणीतरी घ्यायला हवा ना.

पाकिटाचे नियमही अर्धवट आहेत. आमचा जुना व्यापार तीस किलोच्या रव्याचा. वजनमापाचे पाकीटबंद मालाचे जे नियम आहेत, २०११ चे, त्यातले किरकोळ पाकिटाचे पंचवीस किलोच्या वरच्या पॅकिंगला लावलेलेच नाहीत. म्हणजे यार्डातून रवा उघडा-वाघडा निघतो, पुढं अहमदाबादला नाहीतर मुंबईला कुणीतरी तो फोडून एक-एक किलोची पाकिटं भरतो. गाव-गुऱ्हाळ तिथंच पुसलं जातं. करवीरकाठ म्हणतात तसा गुऱ्हाळाचा नंबर लावायचा तर तो रव्यावर लावावा लागेल, आणि रवा फोडल्यावर तो नंबर पाकिटावर कोण उतरवणार?

कलमबाग

देवगडहून. आमच्या हापूसला २०१८ ला मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोकणचे पाच जिल्हे. त्याआधी देवगड की रत्नागिरी यावरून आपसात केवढी जुंपली होती, ते आठवलं तरी हसू येतं. आता ‘हापूस’ शब्दाला बाहेरचे भिडलेत आणि आम्ही एक झालोय.

खोक्यावरच्या छपाईवर विसंबू नका, हा आमचा अनुभव. वाशीच्या बाजारात ‘देवगड हापूस’ लिहिलेली खोकी जेवढी दिसतात तेवढी देवगडात झाडं तरी आहेत का, अशी शंका यावी. कर्नाटकचा आंबा त्याच खोक्यातून, त्याच गवतात विकला जातो. म्हणून आमच्या तालुक्याच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात फळाफळावर लावायचं स्टिकर आणलं. प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि बागायतदाराला त्याच्या झाडांच्या अंदाजी उत्पन्नाएवढीच स्टिकरं. ही शेवटची अट खरी महत्त्वाची. नुसतं ‘नोंदणीकृत’ म्हटलं की एका नोंदणीवर दहा जणांचा माल जातो, मोजूनमापून दिलं तर जाऊ शकत नाही. गुळातही तेच करता येईल. गुऱ्हाळानं किती टन गाळप केलं त्यावरून किती रवे निघतील याचा हिशेब बसतोच की.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. स्टिकर लावायला माणसं लागतात, त्यांची मजुरी. आणि गिऱ्हाईक ते खरवडून बघत नाही, भाव विचारतो आणि पुढं जातो.

सीमाभागी

@कलमबाग, कर्नाटकचा हापूस म्हणजे तोही हापूसच ना? कलम तेच, फळ तेच. त्याला ‘देवगड’ म्हणणं फसवणूक, मान्य. पण ‘हापूस’ म्हणायलाही बंदी? उद्या धारवाडचा बागायतदार काय म्हणून विकेल?

कलमबाग

@सीमाभागी, ‘धारवाडचा आंबा’ म्हणून विकावा की. जुन्नरकडच्यांनी शिवनेरी हापूस म्हणून मागणी केली, वलसाडच्या नावानं अर्ज झाला. एकेकाला हो म्हणत गेलं तर काही वर्षांत हापूस हे नुसतं जातीचं नाव उरेल आणि जातीवाचक नावाला या कायद्यात संरक्षण नाही, विचारा वकिलीणबाईंना. कातळावरच्या आंब्याला जी साल आणि जो वास येतो तो काळ्या मातीत येत नाही. हे मी बागायतदार म्हणून सांगतोय, तुम्ही पक्षपात म्हणा हवं तर.

म्हापशेकार

गोंयचे खाजे माहीत असतीलच. बेसनाच्या कांड्या, वर गुळाचा आणि आल्याचा पाक. त्यांना २०२० मध्ये मानांकन मिळालं. जत्रेतली खाजेकार बाई ते ढिगातून मोजून कागदात बांधून देते. तिनं लोगो कुठं लावायचा? कागदाला? मानांकनाचा फायदा होतो तो सुपरमार्केटात डबा भरून ठेवणाऱ्याला. कोल्हापुरातही तेच होणार, बघा. गुऱ्हाळवाला राहील बाजूला आणि पाकीटवाला होईल ‘अधिकृत’.

बाय द वे, आमच्या खाज्यांचा गूळ घाटावरूनच येतो. तुम्ही आत काय घालता ते जरा लवकर ठरवा.

एडिसनकरीण

इथं अमेरिकेत, एडिसनच्या इंडियन ग्रोसरीत ‘कोल्हापुरी जॅगरी’ तीन-चार ब्रँडची मिळते. मागं फक्त ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’. त्यातला एक गूळ इतका पिवळा असतो की हळद सांडली की काय असं वाटावं. मी गडद बघून घेते आणि नावाकडे बघत नाही. हा माझा सगळा अभ्यास.

वकिलीणबाई

@कलमबाग, हो, जे नाव त्या प्रकारच्या मालाचं सर्वसाधारण नाव होऊन बसलंय त्याची नोंदणी होत नाही. पण तुमच्या हापूसची नोंदणी झालेली आहे, तेव्हा एवढं घाबरू नका. सीमाभागींना सांगते, गुळाचं क्षेत्र वाढवून घेण्यासाठी भांडायचं तर अर्ज आणि पुरावे घेऊन रजिस्ट्रीत भांडावं लागेल. जुन्या पट्ट्या (माल विकल्याचे हिशेब), यार्डाच्या पावत्या, चुलत्यांच्या काळातलं जे काही असेल ते बाहेर काढा. १९५६ च्या आधीच्या पट्ट्या मिळाल्या तर त्यांना वजन आहे.

आणि करवीरकाठ, तुम्हाला एक साधा प्रश्न. तुमच्या भागातल्या किती गुऱ्हाळांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलंय? पूर्वी मूळ नोंदणीधारकाबरोबर संयुक्त अर्ज लागायचा. २०२० च्या दुरुस्तीनंतर उत्पादक एकटा अर्ज करू शकतो आणि फी त्याच दुरुस्तीनं दहा रुपयांवर आणली.

करवीरकाठ

@वकिलीणबाई, आमच्या गावात एकानंही नाही. दहा रुपयांचा प्रश्न नाही हो. हंगामात गुऱ्हाळ दिवसरात्र चालतं, काहील थंड करून परवडत नाही. कामगार उत्तर प्रदेशातले, ते मध्येच गेले तर मालक स्वतः चुलवाणापुढं बसतो. फॉर्म इंग्रजीत. वर नोंदणी करून मिळणार काय, तर बारदानशेठ दर तोच लावणार. नोंदलेल्या रव्याला यार्डात वेगळा सौदा निघाला, दर दहा रुपयांनी जरी वर गेला, तर लोक रांग लावतील. आधी रांग लावा, मग दर बघू, असं म्हटलं तर कुणी येत नाही.

बारदान

वेगळा सौदा काढायला माझी हरकत नाही. पाडव्याच्या मुहूर्ताला एक वखार फक्त नोंदलेल्या मालाची लावू. पण अट अशी की रवा फोडून बघायचा हक्क माझा, साखर सापडली तर त्या गुऱ्हाळाचं नाव फळ्यावर लिहायचं आणि पुढचा हंगाम त्या वखारीत त्याला जागा नाही. मग तो कुणाचा पाहुणा असो की संचालकाचा जावई.

आणि रंग काळसर असला तरी दर पाडणार नाही, हे मी लिहून देतो. गुजरातच्या पार्टीनं माल परत केला तर गाडीभाडं कोण सोसणार, ते मात्र करवीरकाठ, तुम्ही आणि मी बसून ठरवायला लागेल.

डाळगूळ

त्या वखारीतला काळसर रवा पुण्यात कुठं मिळेल ते इथंच टाका. श्रावणाच्या आधी लागेल.